गिधाडांचा अंत आणि आपली जीवदया

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाची संहिता)



आजच्या व्याख्यानासाठी आयोजकांनी मला जो विषय दिला, त्याचा व्याप फार मोठा आहे. हवामानातील बदल, निसर्गातील परिसंस्थांची पडझड आणि त्यातून माणसावर ओढवणारी संकटे, यांपैकी प्रत्येकावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ग्रंथालये भरतील एवढे संशोधन झाले आहे. ते सारे तासाभरात सांगू गेल्यास आपल्या हाती थोडे भय आणि पुष्कळ आकडे एवढेच उरेल. म्हणून आयोजकांच्या अनुमतीने मी त्यातील एकच प्रकरण निवडले आहे. ते आपल्याच देशात घडले, त्याचे कारण पुराव्यानिशी सिद्ध झाले, आणि पांजरपोळ व गोशाळा चालविणारा समाज म्हणून त्याच्याशी आपला प्रत्यक्ष संबंध येतो. हे प्रकरण गिधाडांचे आहे.

सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी गिधाडाचे नाव निघाले म्हणून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. हा पक्षी मांसाहारी, दिसायला ओंगळ, मृत्यूच्या आसपास घिरट्या घालणारा. त्याच्याविषयी जीवदयेच्या व्यासपीठावरून काय बोलायचे? अशांना मी आपल्याच परंपरेतील रामकथेची आठवण करून देतो. विमलसूरींच्या 'पउमचरिय'मध्ये आणि रविषेणाचार्यांच्या 'पद्मपुराणा'त जटायूची कथा आली आहे. वनवासात राम आणि सीता मुनींना आहारदान करीत असता एक गिधाड तेथे येते. मुनींच्या दर्शनाने त्याला पूर्वजन्माचे स्मरण होते, ते त्यांच्या चरणांशी लोळण घेते आणि धर्मोपदेश ऐकून श्रावकाची व्रते स्वीकारते. आपल्या आचार्यांनी व्रतधारी श्रावक म्हणून एका गिधाडाला उभे केले, तेव्हा त्या पक्ष्याला अमंगळ म्हणून दूर सारण्याचा अधिकार निदान आपल्याला तरी उरत नाही.

ज्यांचे वय आज पन्नाशीच्या पुढे आहे त्यांनी लहानपणी गिधाडे पाहिलेली आहेत. गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की तासाभरात आकाशात ठिपके दिसू लागत, ते मोठे होत खाली उतरत, आणि पाहता पाहता त्या जागी हाडांचा सांगाडा उरे. मोठा थवा असला तर एका गाईचे कलेवर तासाभरातही संपत असे. गिधाडाच्या जठरातील आम्ल इतके तीव्र असते की सडलेल्या मांसातील बहुतेक रोगजंतू त्यात टिकत नाहीत. म्हणजे हा पक्षी घाण केवळ उचलून नेत नव्हता, ती तो नष्ट करीत होता. कोणत्याही नगरपालिकेने त्याला वेतन दिले नव्हते, म्हणूनच बहुधा त्याच्या कामाची नोंदही कोणी ठेवली नाही.

भारतात गिधाडे एवढ्या मोठ्या संख्येने होती, त्यामागे आपली संस्कृती आहे. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात गाय-बैलांची संख्याच १९ कोटींहून अधिक आहे. आपल्याकडील गाय किंवा बैल पुष्कळदा म्हातारपणाने मरतो. इतर अनेक देशांत तो तत्पूर्वीच कत्तलखान्यात जातो. गोवंशाविषयीची श्रद्धा आणि अहिंसेचा संस्कार यांमुळे गिधाडांना शतकानुशतके अन्न मिळत राहिले. एका अर्थाने गिधाडांचे थवे हे आपल्या अहिंसेचे न मागता मिळालेले फळ होते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे जे घडले ते याच वाटेने घडले.

राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ डॉ. विभू प्रकाश यांनी १९८० च्या दशकात गिधाडांच्या घरट्यांची मोजणी केली होती. तेव्हा पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या साडेतीनशेच्या आसपास जोड्या तेथे वीण करीत होत्या. दहा वर्षांनी ते पुन्हा मोजणीस गेले, तेव्हा निम्म्याही उरल्या नव्हत्या. झाडांवर माना खाली टाकून बसलेले पक्षी आणि झाडांखाली मृत पक्षी, असे दृश्य होते. १९९९ मध्ये त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. त्यानंतर देशभर पाहणी झाली आणि जे हाती आले त्यावर विश्वास ठेवणे कठीण होते. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. म्हणजे हजार होती तेथे एक उरले. लांब चोचीची आणि बारीक चोचीची गिधाडे मिळून सुमारे ९७ टक्क्यांनी घटली. कोणत्याही शिकाऱ्याने बंदूक उचलली नव्हती. जंगल तोडले गेले म्हणावे तर हा पक्षी गावाच्या आणि शहराच्या कडेला राहणारा, आणि अन्न तर मुबलक होते. मग झाले काय?

आरंभी शास्त्रज्ञांना एखाद्या विषाणूचा संशय आला आणि त्या दिशेने शोध सुरू झाला. उत्तर मिळाले ते पाकिस्तानातील पंजाब प्रांतात. डॉ. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे मृत गिधाडांचे विच्छेदन केले. तपासलेल्या २५९ पक्ष्यांपैकी २१९ पक्ष्यांच्या हृदय, यकृत आदी अवयवांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर जमलेला होता. हा थर युरिक आम्लाचा. पक्ष्यांचे मूत्रपिंड रक्तातील त्याज्य द्रव्य युरिक आम्लाच्या रूपात बाहेर टाकते. मूत्रपिंड निकामी झाले की ते आम्ल रक्तातच साचते आणि अवयवांवर त्याचे स्फटिक बसतात. मूत्रपिंड कशाने निकामी झाले याचा माग घेत हे संशोधक एका साध्या वेदनाशामक औषधापाशी पोहोचले. त्याचे नाव डायक्लोफिनॅक. असा थर असलेले २५ पक्षी तपासले, त्या सर्वांत हे औषध सापडले. थर नसलेले १३ तपासले, त्यांतील एकातही ते नव्हते. २००४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि नंतर भारतातील व नेपाळमधील मृत गिधाडांतही हेच आढळले.

हे औषध आपल्या घरातील सर्वांच्या परिचयाचे आहे. गुडघेदुखीची गोळी आणि मलम म्हणून ते आजही वापरले जाते आणि माणसाला त्याचा उपयोगही होतो. १९९० च्या दशकात त्याच्या पेटंटची मुदत संपली, अनेक कंपन्या ते तयार करू लागल्या, किंमत उतरली आणि ते जनावरांच्या उपचारात आले. लंगडणारा बैल, कासदाहाने तळमळणारी गाय, ताप आलेले वासरू, या सर्वांना त्याचे इंजेक्शन मिळू लागले. जनावराला आराम पडे. परंतु इंजेक्शननंतर एक-दोन दिवसांत ते जनावर दगावले, तर त्याच्या मांसात आणि यकृतात औषध उरलेले असे. ते खाणारे गिधाड पुढे थोड्याच दिवसांत मरे.

येथे पुष्कळांना शंका येते की सगळ्याच जनावरांना काही औषध दिले जात नाही, मग एवढा संहार कसा झाला? याचे गणित रेस ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्येच मांडले. गिधाडे थव्याने जेवतात. एका विषारी कलेवरावर पन्नास-शंभर पक्षी उतरले तर सर्वांच्याच पोटात विष जाते. त्यांच्या हिशेबानुसार गिधाडांना मिळणाऱ्या कलेवरांपैकी शंभरात एकापेक्षाही कमी दूषित असली, तरी एवढी घट होण्यास ती पुरेशी होती. प्रत्यक्षात २००४-०५ मध्ये भारतातील मृत जनावरांचे नमुने तपासले, तेव्हा सुमारे दहा टक्के नमुन्यांत डायक्लोफिनॅक निघाले. शिवाय गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वीण करण्याजोगे व्हायला सुमारे पाच वर्षे जातात. असा जीव एकदा खचला की सावरणे फार अवघड असते.

आता या प्रकरणातील एका महत्त्वाच्या संशोधनाकडे वळतो. शिकागो विद्यापीठातील एयाल फ्रँक आणि वॉरिक विद्यापीठातील अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास २०२४ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता. गिधाडे गेली, त्याने माणसांचे काय झाले? त्यांनी देशातील जिल्ह्यांचे दोन गट केले. एका गटातील जिल्हे पूर्वी गिधाडांच्या वस्तीला अनुकूल होते, दुसऱ्यातील नव्हते. हे औषध पशुवैद्यकात येण्यापूर्वी दोन्ही गटांतील मृत्युदर जवळजवळ सारखे चालत होते. नंतर पहिल्या गटातील जिल्ह्यांत मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढला. २००० ते २००५ या काळात त्यामुळे सुमारे पाच लाख माणसे अधिक मरण पावली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. जनावरांची संख्या मोठी असलेल्या शहरी भागांत हा परिणाम अधिक तीव्र दिसला.

पाच लाख हा अंदाज आहे, मृतांची नावनिशीवार यादी नव्हे, हे मी प्राणिशास्त्राचा अध्यापक म्हणून स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु त्यामागील कार्यकारणभाव कोणालाही पटण्याजोगा आहे. कलेवरे उघड्यावर कुजू लागली. भटक्या कुत्र्यांना आणि उंदरांना अन्न मिळाले. कुत्रे ते मांस खातात, पण गिधाडाप्रमाणे झटपट आणि पूर्णपणे नाही, आणि कुत्र्यांबरोबर रेबीज वाढतो. फ्रँक आणि सुदर्शन यांना त्या जिल्ह्यांत रेबीजच्या लसींची विक्री वाढलेली आढळली आणि नद्यांच्या पाण्याची प्रत खालावलेली आढळली. जगात रेबीजने होणाऱ्या मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून अधिक भारतात होतात, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. कुत्रा चावलेल्या मुलाला घेऊन सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभ्या असलेल्या आईला या साखळीची कल्पनाही नसेल.

एका जीवाचे दुसऱ्यावर किती अवलंबन असते, ते सांगणारे तत्त्वार्थसूत्रातील वचन आपल्या जैन प्रतीकाखाली छापलेले असते. ते आपणा सर्वांना मुखोद्गत आहे, म्हणून येथे म्हणून दाखवीत नाही. एवढेच म्हणतो की अर्थशास्त्रज्ञांनी मृत्यूच्या नोंदवह्या तपासून त्या वचनाचा एक कोपरा मोजून दाखविला.

आता मी आपल्या घरच्या प्रश्नाकडे येतो. तो मला अवघड वाटतो आणि त्यासाठीच मी हा विषय निवडला.

पांजरपोळ ही आपल्या समाजाची अभिमानाची गोष्ट आहे. भाकड गाय, जखमी बैल, मालकाने सोडलेले जनावर आपण आणतो आणि अखेरच्या श्वासापर्यंत सांभाळतो. पर्युषणात जीवदयेसाठी जी देणगी जमते, तिचा मोठा भाग चारा आणि औषध यांवर जातो. अखेरच्या दिवसांत जनावराला वेदना होऊ नयेत म्हणून वेदनाशामक देणे हा दयाधर्मच आहे. परंतु याचा एक परिणाम असा की पांजरपोळीत मरणाऱ्या जनावराच्या शरीरात वेदनाशामक औषध असण्याचा संभव सामान्य शेतकऱ्याच्या जनावरापेक्षा अधिक असतो. शेतकरी पुष्कळदा अखेरच्या टप्प्यावर खर्च करीतच नाही. आपण करतो. ज्या करुणेने आपण सुई टोचतो, तीच सुई गावाबाहेरच्या माळावर शंभर पक्ष्यांपर्यंत पोहोचू शकते.

ही हिंसा आहे काय? आपल्या शास्त्रकारांनी हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला मध्यवर्ती स्थान दिले आहे. ईर्यासमिती पाळून, खाली पाहत, जपून चालणाऱ्या साधूच्या पायाखाली अकस्मात एखादा जीव आला, तर त्यास हिंसेचा दोष लागत नाही, असे ते सांगतात. आणि न पाहता चालणाऱ्याच्या पायाखाली कोणी आले नाही तरी तो प्रमादीच ठरतो. हा निकष येथे लावून पाहा. २००४ पूर्वी ज्या पशुवैद्याने हे औषध दिले आणि ज्या व्यवस्थापकाने ते आणले, त्यांना दोष देता येणार नाही. जगात कोणालाच ते ठाऊक नव्हते. परंतु त्या वर्षानंतर वाट दिसू लागली. आता न पाहता पाऊल टाकणे हा प्रमाद आहे. विज्ञानाची नवी माहिती आपल्या प्रमादाची सीमा अशी सरकवीत असते, आणि म्हणून मला वाटते, पांजरपोळीच्या विश्वस्ताने शास्त्राबरोबर थोडे औषधशास्त्रही वाचले पाहिजे. दशवैकालिकात दयेच्या आधी ज्ञान सांगितले आहे, त्याचा याहून रोकडा अर्थ मला ठाऊक नाही.

कायद्याने काय केले ते थोडक्यात सांगतो. २००६ मध्ये केंद्र शासनाने जनावरांसाठी डायक्लोफिनॅक बनविण्यास मनाई केली. तरीही माणसांसाठी असलेल्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचत राहिल्या. म्हणून २०१५ मध्ये हे इंजेक्शन एका मात्रेच्या लहान कुपीतच विकण्याचे बंधन आले. दरम्यान त्याची भावंडे बाजारात उतरली होती. ॲसिक्लोफिनॅक जनावराच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफिनॅकच बनते. किटोप्रोफेनही गिधाडांना घातक ठरले. या दोहोंवर २०२३ मध्ये, तर निमेसुलाइडवर २०२४ च्या अखेरीस जनावरांपुरती बंदी आली. फ्लुनिक्सिनविषयीही तज्ज्ञांना चिंता आहे. एकावर बंदी येताच दुसऱ्या नावाचे औषध पुढे येते, हा खेळ वीस वर्षे चालला आहे, आणि प्रत्येक वेळी पक्षी आधी मेले, अधिसूचना मागाहून निघाली. म्हणून केवळ कायद्याकडे पाहून आपले भागणार नाही.

मग जनावराला वेदनेत ठेवायचे काय? मुळीच नाही. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना निर्धोक असल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांनी दाखविले आहे, आणि ते आपल्याकडे सहज मिळते. पुढे टॉल्फेनॅमिक ॲसिड या औषधाच्या चाचण्यांतूनही असाच अनुकूल निष्कर्ष निघाला. मेलॉक्सिकॅमचा गुण जरा उशिरा दिसतो, असे काही पशुवैद्य म्हणतात. ती अडचण खरी असेल, परंतु ती मात्रा आणि वेळ यांचा विचार करून सोडविण्याजोगी आहे.

या बाबतीत नेपाळने आपल्यापुढे एक उदाहरण ठेवले आहे. चितवनजवळील पिठौली या गावी लोकांनी २००६ मध्ये 'जटायू रेस्टॉरंट' या नावाने एक केंद्र सुरू केले. नावाने हसू येईल, पण काम गंभीर आहे. गावातील म्हातारी, निरुपयोगी जनावरे हे लोक आपल्याकडे घेतात, त्यांना नैसर्गिक मृत्यू येईपर्यंत सांभाळतात, घातक औषध कटाक्षाने टाळतात आणि मृत्यूनंतर कलेवर गिधाडांसाठी ठरलेल्या जागी ठेवतात. शेतकऱ्यावरचा भार जातो, जनावर कसायाकडे जात नाही आणि गिधाडाला निर्विष अन्न मिळते. ही पांजरपोळच झाली! शतकांचा अनुभव आपल्यापाशी असताना ही कल्पना तराईतल्या शेतकऱ्यांना आधी सुचली, याचे मला कौतुक वाटते आणि थोडी रुखरुखही.

आपल्या महाराष्ट्रातही प्रयत्न झाले आहेत. नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळ खोरीपाडा येथे वनविभागाने गावकऱ्यांच्या साहाय्याने गिधाडांसाठी असे अन्नस्थान उभारले. हरियाणातील पिंजोर येथील प्रजनन केंद्रात वाढविलेली वीस गिधाडे २०२४ च्या आरंभी पेंच आणि ताडोबा येथे आणली गेली आणि पुढे मोकळ्या आकाशात सोडण्यात आली. पिंजऱ्यात वाढलेला पक्षी आकाशात सोडता येतो, पण एकदा सोडल्यावर तो कोणत्या गावच्या माळावर उतरेल हे कोणाच्या हाती नसते. गिधाड दिवसाला शंभर-शंभर किलोमीटर सहज फिरते. त्यामुळे अभयारण्याची सीमा त्याला पुरत नाही. त्या सीमेबाहेरच्या प्रत्येक गोठ्यातले औषधांचे कपाट हाच त्याच्या संरक्षणाचा खरा प्रदेश आहे.

म्हणून विश्वस्त मंडळाला माझी एक नम्र विनंती आहे. सुवर्णमहोत्सवानिमित्त आपण अनेक संकल्प कराल, त्यांत एक अगदी लहान संकल्प असावा. आपण मदत देतो त्या प्रत्येक पांजरपोळीतील आणि गोशाळेतील औषधांचे कपाट एकदा उघडून पाहावे. जी चार-पाच नावे मी घेतली ती मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून तेथे चिकटवावीत, आणि देणगी देताना पशुवैद्याकडून तसे लेखी आश्वासन घ्यावे. प्रत्येक जनावराच्या नावापुढे अखेरचे इंजेक्शन कोणते आणि कोणत्या दिवशी दिले, याची नोंद एका वहीत ठेवावी. ते दगावले आणि नोंदीत घातक औषध निघाले, किंवा नोंदच नसली, तर कलेवर उघड्यावर न टाकता खोल पुरावे. यासाठी फार पैसा लागत नाही. एक वही लागते, आणि ती रोज लिहिणारा माणूस लागतो. दुसरी गोष्ट मिळविणे अधिक कठीण असते, हे संस्था चालविणारे आपण सर्व जाणताच.

त्यापुढचे पाऊल, म्हणजे निर्विष कलेवरे वनविभागाच्या मार्गदर्शनाखाली गिधाडांसाठी ठेवावीत काय, याविषयी आपल्यात मतभेद होतील. मांसभक्षी जीवाला आपण होऊन मांस पुरवावे काय, असा प्रश्न आमच्या एका ज्येष्ठ श्रावकांनी मला विचारला होता. प्रश्न उचित आहे आणि त्याचा निर्णय आपल्या साधु-साध्वींच्या सान्निध्यात बसून व्हावा. मी एवढेच निदर्शनास आणतो की पूर्वी आपली जनावरे मेल्यावर गावाबाहेर जात होती आणि गिधाडे ती खात होती. त्यासाठी कोणी ठराव केला नव्हता. कपाटाविषयी मात्र मतभेदाला जागा दिसत नाही, आणि ते काम या महिन्यातही सुरू होऊ शकते.

कोणाला औषधांची नावे लिहून हवी असतील त्यांनी कार्यक्रमानंतर माझ्याकडून अवश्य घ्यावीत.

जय जिनेंद्र.